घट

काट्यावर तार ठेवली, काचेचं दार सरकवून बंद केलं, तरी आकडा थोडा वेळ हलत राहिला. तो हलतोच. पंख्याचा वारा, रस्त्यावरून गेलेला टँकर, जवळ उभ्या माणसाचा श्वास, कशानेही हलतो. म्हणून प्रणिता अशा वेळी श्वास रोखून उभी राहते. कमळाकर सरांनी श्वास रोखला नव्हता. ते लवंग चघळत होते. आकडा थांबला. सर चष्मा कपाळावर चढवून वाकले, मागच्या खेपेचं वजन मनाशी पुटपुटले आणि अगदी सहज म्हणाले, "घट आहे."

लॅबमध्ये हा शब्द कोणी वापरत नाही. इथे लॉस म्हणतात, डिफरन्स म्हणतात. सरांच्या घरी पेणच्या बाजारात किराणा होता, हा शब्द तिथला असणार. गुळाची घट, डाळीची घट. "किती?" प्रणिताने विचारलं. "कणी गं. तांदळाची कणी असते ना, तेवढी. पण प्लॅटिनमची कणी आहे, बाई. आज कणी जाते, उद्या तार जाते." त्याच क्षणी पलीकडे मोरीत बीकर धुणाऱ्या हरेशने नळ बंद केला. एवढंच झालं. पाण्याचा आवाज दिवसभर चालू असतो म्हणून कोणाला ऐकू येत नाही; तो थांबला तेव्हा खोलीला एकदम कान आल्यासारखं झालं. हरेशने मान वळवून सरांकडे पाहिलं नाही. त्याने प्रणिताकडे पाहिलं, मग हातातल्या बीकरकडे, आणि बीकर धुतलेलाच होता तरी पुन्हा आतून ब्रश फिरवू लागला.

तारेला हात लावणारी माणसं दोन. प्रणिता आणि हरेश. सरांनी हे बोलून दाखवलं नाही, पण पुढचा प्रश्न त्यांनी दोघांपैकी एकालाच विचारला. "हरेश, तुझा मेव्हणा पुलापलीकडे अष्टमीला सोनाराकडे कामाला आहे ना रे?"

"व्हय सर."

"काय करतो?"

"पॉलिश मारतो. सांध्याला डाग देतो."

"तिकडे तो डाग देतो, आणि इकडे डाग लागायची वेळ." सर स्वतःच्या कोटीवर थोडे हसले. हरेश हसला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. माणूस नाही का म्हणत नाही? "उद्या संध्याकाळपर्यंत नीट आठव. तोवर लॅबमध्ये यायचं नाही, गेटपाशी बस." आणि प्रणिताकडे वळून, "तुलाही काही वेगळं दिसलं असेल तर सांग. परवा पाहुणे येतायत. त्यांच्या आधी हे मिटायला हवं." तिला म्हणता आलं असतं, सर, मेव्हण्याचा काय संबंध. ती म्हणाली, "बघते." म्हणजे काय बघते?

हरेशने तार. बसमध्ये खिडकीशेजारी बसल्यावर हे वाक्य तिच्या डोक्यात सुरू झालं आणि तिथेच थांबलं. हरेशने तार. पुढे क्रियापद येईना. धुतली. तो रोजच धुतो. ज्योतीत धरून लाल केली. ते तिनेच त्याला शिकवलं होतं. घासली. का घासली? कानशीने? कानशीने घासली तर तारेवर रेघा दिसतील, रेघा दिसल्या का, तिने कधी बघितलं का? हरेशने तार घासली आणि खालचा कीस कागदावर. सोनाराच्या दुकानातली धूळसुद्धा वाया जात नाही, झारेकरी येऊन ती विकत नेतात आणि धुऊन धुऊन सोनं काढतात. मेव्हण्याला हे माहीत असणारच. बस पुलावर आली. खाली कुंडलिकेचं पाणी ओहोटीला लागलं होतं आणि काठाचा चिखल उघडा पडला होता. अष्टमीच्या दुकानांत नुकते दिवे लागत होते आणि ती प्रत्येक पाटी वाचत होती: मोबाइल, चपला, ज्वेलर्स, मोबाइल. हरेशने दिवाळीत नवा फोन घेतला होता. सगळेच घेतात. पण त्याने तो तिला दाखवला होता, मुद्दाम हातात दिला होता. लपवायचं असतं तर दाखवला असता का? की दाखवला की लपतं?

सगळं हसण्यासारखं होतं, आणि तेच तिला आवडेना. कारण तिच्या तीन वर्षांच्या कामाचा अर्थच मुळी प्लॅटिनम नको असा होता. पाण्यात दोन टोकं सोडून वीज दिली की एका टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे येतात. ते सहज यावेत म्हणून त्या टोकावर एखादा धातू लागतो, स्वतः न झिजता काम सोपं करून देणारा. पाण्याला समजावणारा मध्यस्थ म्हणा. सगळ्यांत चांगला मध्यस्थ प्लॅटिनम, आणि तो परवडत नाही म्हणून जगभर लोक स्वस्तातला शोधतात. प्रणिताने निकेलच्या जाळीदार पट्टीवर फॉस्फरसचा लेप चढवला होता. राखाडी, बोटाएवढी, दिसायला भांडी घासायच्या घासणीचा तुकडा. ही तिची पट्टी. प्लॅटिनमची तार त्या भांड्यात होती ती फक्त समोरचं टोक म्हणून, विजेचं वर्तुळ पुरं करायला. लग्नात दुसऱ्या बाजूचं कोणीतरी लागतं तशी. आणि पट्टी चालली. नुसती चालली नाही, दर आठवड्याला आणखी चांगली चालू लागली. पहिल्या दिवशी बरी, महिन्याने उत्तम, तीन महिन्यांनी तर थेट प्लॅटिनमच्या शेजारी जाऊन बसेल अशी. "दारूसारखी आहे तुझी पट्टी," सर म्हणाले होते, "जुनी होईल तेवढी चढते." बाहेर फलक लागला होता, प्लॅटिनमशिवाय हायड्रोजन. परवाचे पाहुणे तो पाहूनच येणार होते, आणि त्यांना पटलं तर पट्टी या खोलीतून उठून कारखान्यात जाणार होती, तिच्या नावासकट.

खिंडीत बस हळू झाली. शेजारच्या बाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली. का ओढली? प्रणिताचा हात तिला लागला होता म्हणून. की? असं एकदा सुरू झालं की थांबत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. खाडीकाठच्या मिठागरात, आईबाप राबायचे तिथे, बांधावर मिठाच्या राशी असत, पेंढ्याने शाकारलेल्या, लांबून घरांसारख्या दिसणाऱ्या. मोजणीच्या दिवशी ठेकेदाराचा माणूस यायचा आणि म्हणायचा, घट आहे. मीठ दमटपणाने गळतं, वाऱ्याने उडतं, हे सगळ्यांना माहीत. तरी घट म्हटली की बांधावरच्या प्रत्येकाचे डोळे दुसऱ्याच्या टोपलीकडे जायचे. तो माणूस पोरांच्या पायांकडे बघायचा. भेगांमध्ये मीठ बसलेलं असायचं, घोट्यापर्यंत पांढरी कड. प्रणिताला तेव्हा खात्री होती की घट तिच्यामुळेच येते. रोज तिच्या पायांबरोबर थोडं थोडं मीठ घरी जातं. म्हणून ती बांध सोडण्याआधी खाजणातल्या पाण्यात पाय धुवायची आणि ते पाणीही खारट, पाय वाळले की पुन्हा पांढरे. भेगांत चरचरायचं. तसं काहीतरी आता चरचरत होतं, पण पायात नाही.

रामवाडीला उतरून घरी गेली तर आई भाकऱ्या थापत होती आणि बाप, नाथा, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसला होता. बातम्या देणाऱ्यांच्या आवाजावर त्याचा विश्वास नाही.

"काय गो, तोंड कशाला पाडलंस?" त्याने विचारलं.

"कंपनीत चोरी झाली."

"काय गेला?"

"तार. प्लॅटिनमची. म्हणजे तार आहे, त्यातली कणीभर गेली."

नाथा हसत सुटला. "कणीभर चोरतो तो चोर कसला? चिमनी व्हय ती."

आईने, सगुणाने, तव्यावरून नजर न काढता विचारलं, "नाव कोनाचा घेतलाय?"

"हरेशचं. आपल्या पलीकडच्या पाड्यातला. विठूचा मुलगा."

"विठूचा?" नाथाचं हसू थांबलं. "मंग असंल. तो विठू पन मुका मुका असायचा. दिवसभर मीठ ओढील पन शब्द नाय काढनार. मुक्यांवर माझा भरवसा नाय."

"आनि तुमी बडबडे," सगुणा म्हणाली, "तुमच्यावर कोनाचा हाय?"

"तुझा हाय ना?"

"माझा काय, मना पर्याय नव्हता."

दोघं हसली. प्रणिताने भाकरी मोडली. आपलाच माणूस आहे म्हणून आपल्याला वाईट वाटतंय, की आपलाच माणूस आहे म्हणून आपला संशय इतका पक्का आहे? सर परके, त्यांना फक्त मेव्हणा दिसला. तिला हरेशच्या बोटांतली भेग दिसत होती, मिठाने पडते ती, पिढीजात. आपण कुठल्या, हे ती कंपनीत कोणाला सांगत नाही. हरेशला माहीत आहे. तो चारचौघांत मॅडम म्हणतो आणि कोणी नसलं की ताय. ती ताय दरवेळी तिला थोडी टोचते, आणि टोचते याची लाज वाटते.

सकाळच्या बसमध्ये संशयाची माणसं संपली. हरेशचं वाक्य रात्री उशीवर शंभर क्रियापदं लावून झालं होतं. मग झाडायला येणाऱ्या विमलबाई. पण त्या काचेच्या कपाटाजवळ जातच नाहीत, त्यांना वाटतं तिथली हवा विषारी आहे. मग सर स्वतः. किल्ली त्यांच्याकडेच असते, आणि ज्याने घट शोधली त्याच्यावर कोण संशय घेणार? हे तिने नागोठण्यापर्यंत चघळलं आणि थुंकून टाकलं. मग ती स्वतः. झोपेत चालत येऊन? तारेकडे बघताना आपले डोळे कसे असतात हे आपल्याला कुठे माहीत असतं? पुढे कोणीच उरलं नाही. आणि माणसं संपल्यावर संशय थांबला नाही, तो वस्तूंकडे गेला. काटा? काटा तपासलेला होता. ज्योत? ज्योतीने प्लॅटिनम जात नाही. आम्ल? विरळ आम्ल प्लॅटिनमला हात लावत नाही. नुसतं असताना लावत नाही. वीज चालू असताना, तासन्तास, दिवस दिवस, आलटून पालटून...

तिने समोरच्या सीटचा दांडा धरला.

त्या भांड्यात तारेबरोबर दुसरं कोण होतं?

हे तिला माहीत होतं. कॉलेजात शिकवलेलं, परीक्षेत लिहिलेलं. विजेखाली तारेतलं प्लॅटिनम अगदी थोडं थोडं आम्लात उतरतं, आणि उतरलेलं समोरच्या टोकावर जाऊन बसतं. म्हणून समोर कधी प्लॅटिनम लावू नये, कार्बनची कांडी लावावी. तिने लावलीही होती, सुरुवातीला. कांडीची काळी पूड सुटायची, पाणी गढूळ व्हायचं. "पाहुण्यांना गटाराचं पाणी दाखवणार का?" असं सरांनी म्हटलं आणि तार आली, आणि भांडं इतकं स्वच्छ, इतकं श्रीमंत दिसू लागलं की तिलाही बरं वाटलं. तार दिवसेंदिवस हलकी होत होती आणि पट्टी दिवसेंदिवस सुधारत होती. जगात वापरून सुधारतं असं काय असतं? चप्पल? माणूस? तिने हे एकदाही विचारलं नव्हतं. जिच्यावर तिने कधी संशय घेतला नाही अशी एकच गोष्ट होती.

बस खिंड उतरत होती आणि प्रणिता मनातल्या मनात काहीतरी मागत होती. काय मागतो आहोत हे तिला उशिरा कळलं. हरेशने चोरलेली असू दे. कानशीने घासलेली असू दे, मेव्हण्याने वितळवलेली असू दे, पोलीस येऊ देत. फक्त ती पट्टीवर नसू दे.

गेटजवळच्या बाकावर हरेश बसला होता. ती दिसताच उठून उभा राहिला. तिने बॅगेत काहीतरी शोधत गेट ओलांडलं.

कांडी खणातच होती, एका बाजूने मोडलेली. तार काढून तिने वेगळी ठेवली. नवं भांडं, नवं आम्ल, जुन्या पट्टीच्याच खेपेतली एक कोरी पट्टी, जिने कधी तार पाहिली नव्हती. वीज दिली. बुडबुडे आले. येणारच, निकेल काही अगदीच मुकं नाही. पण कसे आले, तर बाटली उघडून बराच वेळ झालेल्या सोड्यासारखे, एकेक, विचार करत. पडद्यावरची रेघ खालच्या बाजूला आडवी पडून राहिली. ती वाट बघत बसली. हळूहळू पाणी करडं झालं, विमलबाई लांबूनच झाडून गेल्या, दुपारची शिफ्ट सुटली. रेघ उठली नाही. सुधारणार नव्हती ती; खऱ्या गोष्टीसारखी होती तेवढीच होती. मग प्रणिताने जुनी पट्टी, तीन महिने तारेसमोर राहिलेली, कांडीसमोर सोडली. क्षणात भांडं फेसाळलं. केवढा आनंद व्हायचा तिला या फेसाचा. पट्टी तीच राखाडी, वरचा थर डोळ्यांना न दिसणारा. कणीभर. तांदळाच्या कणीएवढा.

"तार सापडली," ती सरांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली.

"कबूल झाला?"

"माझ्या पट्टीवर आहे." तिने सगळं सांगितलं. सरांनी ऐकताना लवंगेची डबी तीनदा उघडझाप केली. ते बुद्धिमान होते, अर्ध्यातच त्यांना समजलं.

"म्हणजे आपण प्लॅटिनमशिवाय जो हायड्रोजन काढत होतो..."

"तो प्लॅटिनमने निघत होता."

सर मनापासून हसले. मग उठून त्यांनी दार लोटलं. "हे तुला आणि मला सोडून कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"मग हे बघ. हरेशला मी काढत नाही. रंगाच्या प्लांटवर पाठवतो, पगार तोच. कणी गेली, विषय संपला. पाहुणे जुनी पट्टी बघून जातील. मग आपण सावकाश, नीट, कांडी लावून सुधारू. खोटं कुठे आहे यात? थोडं आधी आहे."

"आणि त्याचं नाव?"

"लोक विसरतात गं."

प्रणिता उभी होती. यात वाईट काय, हे तिला शोधावं लागत होतं, आणि शोधावं लागतंय याचीच तिला भीती वाटली. रंगाचा प्लांट काही वाईट नाही. सावली आहे तिथे. तीन वर्षं. हरेश नाहीही म्हणाला नव्हता, तो आताही म्हणणार नाही. त्याच्या गप्प राहण्यावर हे सगळं किती नीट बसत होतं, जणू त्याच्या मापाने शिवलेलं. "मी पाहुण्यांना दोन्ही पट्ट्या दाखवणार आहे," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखीचा वाटला नाही.

"मग ते चहा पिऊन परत जातील."

"जाऊ देत."

"आणि तुझ्यासाठी मी वर काय सांगू?"

"घट आहे म्हणून सांगा."

 सरांनी हात झटकला, ज्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता, आणि ती तो अर्थ लावायला थांबली नाही.

गेटवर टँकर आला होता, वॉचमन तिकडे गेला होता. हरेश पुन्हा उभा राहिला. तिला वाटलं होतं सांगताना हलकं वाटेल. "हरेश, तार सापडली. कोणी घेतलीच नव्हती. आम्लात विरघळून माझ्या पट्टीवर जाऊन बसत होती. चूक माझी होती."

"सापडली? बरा जाला."

"सरांना सांगितलं मी. तुझं नाव आता कुठेच नाही."

"त्यांना पटला?"

"पटेल नाहीतर काय. खरंच आहे ते."

हरेशने मान हलवली. वॉचमन लांब आहे याची खात्री केली आणि एक पाऊल जवळ आला. "ताय, मना समजवायची गरज नाय. तारेला आपुन दोघंच हात लावतो. मी घेतली नाय ते मना म्हाईत हाय. काल सर बोलले तवाच समाजला." बोलायची सवय नसल्यामुळे तो शब्द जपून काढत होता. "म्हनून गप ऱ्हायलो. नाय म्हनलो असतो तर तुमच्यावर आला असता. अडचन कोनाला नाय येत? परत ठेवलीत, मिटला. मी कुठं बोलनार नाय."

"अरे, मी घेतली नाही!"

"नाय ना. तेच बोलतोय मी."

 काल त्याने नळ बंद केला होता आणि तिच्याकडे पाहिलं होतं. त्या नजरेची तिने सबंध एक रात्र आणि दोन बसप्रवास उलटतपासणी केली होती. "चल," ती म्हणाली, "चल, मी दाखवते तुला," आणि जवळजवळ ओढतच त्याला आत घेऊन गेली. सर केबिनच्या काचेतून बघत होते. टेबलावर दोन्ही पट्ट्या गाळणकागदावर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, दोन्ही राखाडी, दोन्ही ओल्या. ही कोरी, तिने सांगितलं, आणि ही जुनी, हिच्यावर बसलंय ते प्लॅटिनम. ती बोटाने दाखवत होती. हरेश गुडघ्यांवर हात टेकून वाकला. या पट्टीकडून त्या पट्टीकडे, परत इकडे, मग पुन्हा तिकडे. मन लावून, आजारी माणसाचा हट्ट पुरवावा तसा.

"दिसतंय का?"

"व्हय, ताय."

"काय दिसतंय?"

तो आणखी खाली वाकला.

"तुमी सांगितला तेच," तो म्हणाला.